विकिपीडियावर शेवटचा शब्द कोणाचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी विकिपीडियातल्या लेखावरून महाराष्ट्रात मोठा वाद उठला. मजकूर आक्षेपार्ह आहे, तो ताबडतोब काढा, अशी मागणी झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अधिकाऱ्यांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं. महाराष्ट्र सायबरने नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्या दिवसांत एकच प्रश्न जिकडेतिकडे ऐकू येत होता: हा विकिपीडिया चालवतं तरी कोण? कोणाला सांगितलं म्हणजे तो मजकूर निघेल?

त्या मजकुराचा निवाडा मी इथे करणार नाही. मला बोलायचंय ते या प्रश्नाबद्दल. कारण त्याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं आणि पहिल्यांदा ऐकल्यावर पटतही नाही. हुकूम सोडला की मजकूर काढेल असा साहेब तिथे नाहीच. पदं भरपूर आहेत, निवडणुका होतात, समित्या आहेत, अमेरिकेत एक संस्था आहे आणि तिचे शेकडो पगारी कर्मचारी आहेत. पण या रचनेत जसजसं वर जावं, तसतसा लेखातल्या मजकुरावरचा अधिकार कमी कमी होत जातो. हे एकदा ध्यानात आलं की कोणतं पद कशासाठी आहे ते आपोआप उलगडतं.

आधी थोडा इतिहास. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू केला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली २० जून २००३ रोजी. म्हणजे आज ज्या संस्थेला लोक विकिपीडियाची मालक समजतात, तिच्यापेक्षा मराठी विकिपीडिया दीड महिन्याने मोठा आहे. आधी लोक जमले, लिहायला लागले, आपापले नियम ठरवू लागले आणि मग सर्व्हरचा खर्च, देणग्या, कायद्याची बाजू सांभाळायला संस्था आली. तिच्या कामाची विभागणी आजही तशीच आहे. फाउंडेशन यंत्रणा चालवतं, सॉफ्टवेअर लिहितं, पैसा उभा करतं, कोर्टात उभं राहतं. लेख लिहिणं आणि तपासणं हे काम तिचं नाही. ३०० हून अधिक भाषांतले विकिपीडिया, शिवाय विकिस्रोत, विकिडेटा, कॉमन्स असे भाऊबंद प्रकल्प, हे सगळं विनामोबदला काम करणारे लोक चालवतात आणि प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो.

आता अगदी तळापासून सुरुवात करू.

मराठी विकिपीडियावर गावांचे लेख हजारोंनी आहेत. त्यांतल्या एखाद्या लेखात कोणीतरी रात्री अकरा वाजता येतं आणि 'गावातील प्रसिद्ध व्यक्ती' अशा मथळ्याखाली स्वतःचं नाव घालतं, पुढे 'युवा नेतृत्व, धडाडीचे समाजसेवक'. हा बदल त्याच क्षणी 'अलीकडील बदल' या पानावर उमटतो. ते पान कोणीही पाहू शकतं. तिथे नजर ठेवून असलेला दुसरा सदस्य तो बदल उलटवतो, कारणाच्या रकान्यात 'संदर्भ नाही' असं लिहितो आणि त्या व्यक्तीच्या चर्चापानावर एक सूचना टाकतो. या सगळ्याला कोणतंही पद लागत नाही. तुम्ही आज खातं उघडलंत तर हे काम आजच करू शकता.

मजकुराचे बहुतेक निर्णय याच पातळीवर होतात. मतभेद झाला तर लेखाच्या चर्चापानावर बोलायचं, विश्वासार्ह संदर्भ द्यायचे, समोरच्याचे संदर्भ तपासायचे आणि सहमतीला यायचं. कोणत्या बाजूला किती डोकी आहेत यापेक्षा कोणाचा आधार भक्कम आहे, याला वजन असावं असा नियम आहे. तो दर वेळी पाळला जातो असं नाही, पण वाद घालायची अधिकृत जागा हीच. संभाजी महाराजांच्या लेखाबाबतही कोणत्या इतिहासकाराचं पुस्तक आधार म्हणून चालेल, त्याला उत्तर देणारं दुसऱ्या कोणाचं लेखन आहे, ते लेखात कितपत यावं, या प्रश्नांची जागा चर्चापान हीच होती.

प्रचालक: तीन बटणं आणि एक झाडू

तोच माणूस सूचना देऊनही पुन्हा पुन्हा तेच करत राहिला तर प्रचालक लागतो. इंग्रजीत ज्याला अ‍ॅडमिन म्हणतात, त्याला मराठी विकिपीडियावर प्रचालक म्हणतात. सामान्य सदस्याकडे नसलेली मुख्यतः तीन बटणं त्याच्याकडे असतात: पान वगळणं, पान सुरक्षित करणं म्हणजे ते कोणाला बदलता येईल यावर मर्यादा घालणं, आणि सदस्याला संपादनापासून रोखणं. वगळलेली पानं त्याला पाहता येतात. बाकी चर्चेत त्याचं मत इतर कोणाच्याही मताइतकंच. आणि एक नियम फार महत्त्वाचा: ज्या वादात प्रचालक स्वतः एक बाजू घेऊन उतरलाय, तिथे त्याने ही बटणं वापरायची नाहीत, दुसऱ्या प्रचालकाला बोलवायचं. इंग्रजी विकिपीडियावर प्रचालकाचं चिन्ह आहे फरशी पुसायचा झाडू. ते मला अगदी योग्य वाटतं, कारण रोजचं काम खरोखरच साफसफाईचं आहे.

जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच म्हटलं होतं की प्रचालक होणं ही काही फार मोठी गोष्ट समजू नये. पुढे ती मोठी झालीच. इंग्रजी विकिपीडियावर उमेदवाराच्या नावावर सात दिवस उघड चर्चा चालते. कोणीही जुनी संपादनं उकरून काढतं, जाहीरपणे उलटतपासणी घेतं. ७५ टक्क्यांच्या वर पाठिंबा मिळाला तर उमेदवार सहसा निवडून येतो, ६५ च्या खाली सहसा पडतो आणि मधल्या पट्ट्यातला निर्णय ब्यूरोक्रॅट नावाचे अनुभवी सदस्य चर्चा वाचून करतात. त्यांचं मुख्य कामच हे, अधिकार देण्या-घेण्याचं तांत्रिक काम. ही उलटतपासणी इतकी तापदायक झाली की लोक उभे राहीनासे झाले. २००७ या एका वर्षात ४०८ नवे प्रचालक झाले होते, २०२१ मध्ये झाले ७. सत्तर लाख लेखांना आठशेच्या आसपास प्रचालक, त्यातलेही सगळे सक्रिय नाहीत, हे गणित फार काळ चालणारं नव्हतं.

म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे गुप्त मतदानाने निवडणूक घेऊन पाहिली. ३२ जण उभे राहिले, ११ निवडून आले. त्याच सुमारास परत बोलावण्याचा अधिकारही आला. एखाद्या प्रचालकाविरुद्ध ३० दिवसांत २५ अनुभवी सदस्यांनी सह्या केल्या तर त्याला पुन्हा समुदायासमोर जाऊन विश्वास मिळवावा लागतो. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र आल्या हे फार बरं झालं. आत येण्याचा रस्ता सोपा केला आणि चुकीच्या माणसाला बाहेर काढण्याचाही. एकदा दिलेलं पद जन्मभर राहणार असेल तर द्यायलाच लोक घाबरतात.

मराठीत हे सगळं लहान प्रमाणावर चालतं. धोरणावरचं बोलणं 'चावडी' या पानावर होतं आणि निर्णयासाठी 'कौल' लावतात. प्रचालक मोजकेच आहेत. आणि पुनरावृत्तीची कामं, म्हणजे वर्ग जोडणं किंवा तुटलेले दुवे सांधणं, 'सांगकामे' करतात, म्हणजे सदस्यांनी लिहिलेले बॉट, आपोआप काम करणारे प्रोग्रॅम.

ज्यांना लपलेलं दिसतं

आता जरा नाजूक भागाकडे येऊ. एकच माणूस पाच खाती उघडून कौलात पाच मतं देऊ लागला तर? यासाठी चेकयूजर हा अधिकार आहे. खात्यामागचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, सर्वांपासून लपलेला असतो, तो चेकयूजरला पाहता येतो. कोणता ब्राउझर, कशा प्रकारचं उपकरण, हेही दिसतं. ही माहिती ९० दिवसांच्या पलीकडे ठेवली जात नाही.

हा अधिकार किती धोक्याचा आहे ते लगेच लक्षात येतं. आपल्या विरोधात लिहिणारा कोणत्या शहरातून लिहितो हे एखाद्याला घरबसल्या कळू शकतं. म्हणून त्याभोवती कुंपणं घातली आहेत. अधिकार घेणारा १८ वर्षांवरचा हवा, त्याने फाउंडेशनच्या गोपनीयतेच्या करारावर सही केलेली हवी. त्याने केलेली प्रत्येक तपासणी एका नोंदवहीत जाते, कोणाची तपासणी केली, कधी केली, काय कारण दिलं, आणि ती नोंदवही बाकीचे चेकयूजर वाचू शकतात. यातला मला सर्वांत आवडणारा नियम असा की एखाद्या विकिपीडियावर चेकयूजर असतील तर किमान दोन असायला हवेत, नाहीतर एकही नको. दोघांतल्या एकाने सोडलं तर उरलेल्याचा अधिकारही दुसरा येईपर्यंत काढून घेतात. गृहनिर्माण सोसायटीत खजिनदारानेच स्वतःच्या हिशेबाची तपासणी करू नये असं आपण म्हणतो, तेच तत्त्व इथे यंत्रणेत घट्ट बसवलंय.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भारतात बहुतेक लोक मोबाइलवरून इंटरनेट वापरतात, आणि मोबाइल कंपन्यांचे आयपी पत्ते हजारो ग्राहकांत फिरत असतात. दोन खाती एकाच पत्त्यावरून दिसली म्हणजे माणूस एकच, असं खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे चांगला चेकयूजर लिहिण्याची ढब, संपादनाच्या वेळा, विषयांची निवड हे सगळं जोडून पाहतो आणि निष्कर्ष देतानाही 'शक्यता आहे', 'दाट शक्यता आहे' अशी श्रेणी लावतो. पत्त्यांची अख्खी रांग रोखली तर एका उपद्रवी माणसापायी शेकडो निरपराध लोक अडकतात. एखाद्या दिवशी तुम्हाला खातं न उघडता संपादन करताना 'तुम्हाला रोखण्यात आले आहे' असा संदेश दिसला, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

याच्या जोडीचा दुसरा अधिकार ओव्हरसाइटचा. समजा त्या गावच्या लेखात कोणीतरी रागाने शेजाऱ्याचा मोबाइल नंबर टाकला. संपादन उलटवलं तरी तो लेखाच्या इतिहासात राहतो, कोणीही मागे जाऊन वाचू शकतो. प्रचालक ती जुनी आवृत्ती सर्वसामान्यांपासून झाकू शकतो, पण इतर प्रचालकांना ती दिसतच राहते. ओव्हरसाइटर ती प्रचालकांपासूनही झाकतो. इथेही दोनचा नियम आहेच. अशी विनंती चर्चापानावर जाहीरपणे करायची नसते, कारण तसं केलं की नेमकं जे लपवायचं तेच चव्हाट्यावर येतं. ती ईमेलने करायची.

स्टुअर्ड

चेकयूजर निवडायचा तर ज्या विकिपीडियावर लवाद समिती (सदस्यांमधल्या भांडणांचा निवाडा करणारी समिती) नाही, तिथे किमान २५ ते ३० सदस्यांनी पाठिंबा द्यावा लागतो आणि एकूण मतांत तो ७०-८० टक्के असावा लागतो. लहान भाषांच्या विकिपीडियावर एवढे सक्रिय लोक एका मतदानाला जमणं कठीण. मराठीतही स्थानिक चेकयूजर नाहीत. मग तिथे बनावट खाती कोण तपासतं? स्टुअर्ड.

स्टुअर्ड हे तीस-चाळीस जणांचं पथक आहे. सगळे स्वयंसेवक, वेगवेगळ्या देशांतले. विकिमीडियाच्या कोणत्याही प्रकल्पावर ते कोणताही अधिकार देऊ किंवा काढू शकतात. तांत्रिकदृष्ट्या यापेक्षा मोठं पद समुदायात नाही. २००४ पासून ते निवडून येतात. दर वर्षी साधारण फेब्रुवारीत निवडणूक होते, किमान ३० मतं आणि ८० टक्के पाठिंबा लागतो, आणि जे आधीच स्टुअर्ड आहेत त्यांच्याबद्दलही त्याच वेळी सगळ्यांकडून मत मागवलं जातं.

इतकी शक्ती असलेल्या माणसाने काय करायचं नाही याचे नियम मात्र कडक आहेत. स्वतःच्या घरच्या विकिपीडियावर, म्हणजे जिथे तो मुळात लिहितो तिथे, त्याने हे अधिकार सहसा वापरायचे नाहीत. जिथे स्थानिक चेकयूजर आहेत तिथे त्यांच्या कामात पडायचं नाही. आणि स्वतःचं मत चालवायचं नाही, स्थानिक लोकांनी चर्चेतून जे ठरवलं ते फक्त अंमलात आणायचं. मराठीत एखाद्याला प्रचालक करावं असा कौल निघाला आणि तो अधिकार देणारा कोणी स्थानिक सदस्य हाताशी नसेल, तर स्टुअर्ड त्या चर्चेच्या दुव्यावर जाऊन कौल पाहतो आणि बटण दाबतो. समुदाय फारच लहान असेल तर तो कायमचं पद देत नाही, काही महिन्यांच्या मुदतीचं देतो आणि मुदत संपली की पुन्हा कौल घ्यायला सांगतो. गोव्याच्या कोंकणीचा विकिपीडिया २०१५ मध्ये सुरू झाला, देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्यांत लिहिला जातो. अशा तरुण समुदायांना या व्यवस्थेचा मोठा आधार असतो.

बटण धरून बसलेल्यांसाठीही एक जागतिक नियम आहे. २०१३ पासून असं ठरलंय की दोन वर्षांत एकही संपादन किंवा एकही अधिकाराचं काम केलं नाही, तर आधी विचारणा होते आणि उत्तर नसेल तर अधिकार जातो. जिथे स्थानिक नियम आहे तिथे स्थानिक नियम चालतो.

भांडण विकोपाला गेलं तर लवाद समिती. इंग्रजी विकिपीडियावर वेल्स यांनीच ती नेमून दिली आणि २००४ पासून ती काम करते. आज तिच्यावर १५ सदस्य असतात, दर वर्षी गुप्त मतदानाने निवडले जातात. ती पुरावे घेते, निकालपत्र लिहिते, प्रचालकाचं पद काढून घेऊ शकते, एखाद्याला एखाद्या विषयावर लिहायला बंदी घालू शकते. भारत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्याशी संबंधित विषय तिने 'वादग्रस्त' म्हणून वेगळे काढलेत. तिथे गैरवर्तन करणाऱ्याला प्रचालक लांबलचक चर्चेशिवाय रोखू शकतात. पण लेखात काय लिहावं हे लवाद समिती ठरवत नाही. वागणुकीचा निवाडा करते, मजकुराचा करत नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत जावं आणि तिथे समजावं की मूळ प्रश्न या कोर्टाच्या कक्षेतच येत नाही, असा अनुभव अनेक नव्या संपादकांना येतो.

फाउंडेशन कधी हात घालतं

विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळावर १६ जागा आहेत. आठ समुदाय आणि संलग्न संस्था निवडून देतात, सात मंडळ स्वतः नेमतं आणि एक संस्थापक म्हणून जिमी वेल्स यांची. फाउंडेशन थेट कारवाई करतं ती मुख्यतः कायद्यामुळे किंवा कोणाच्या सुरक्षिततेसाठी. मंडळाने सर्व प्रकल्पांसाठी मंजूर केलेली एक आचारसंहिता २०२१ मध्ये जाहीर झाली आणि तिची अंमलबजावणी पाहणारी समिती २०२४ मध्ये मतदानाने निवडली गेली.

या हस्तक्षेपाने कधीकधी फार मोठी खळबळ उडते. जून २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या एका अनुभवी प्रचालकाला परस्पर एक वर्षाची बंदी घातली. तक्रारदारांची गोपनीयता राखायची म्हणून कारणं सांगितली नाहीत. समुदाय खवळला, वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून पद सोडलं. अखेर प्रकरण लवाद समितीकडे सोपवलं गेलं, तिने बंदी उठवली आणि प्रचालकपद मात्र परत दिलं नाही. दोन्ही बाजूंना काही प्रमाणात बरोबर ठरवणारा तो निर्णय होता. तक्रार करणाऱ्याचं नाव लपलं पाहिजे हे खरं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप कळला पाहिजे हेही खरं. ही ओढाताण तेव्हा संपली नाही आणि आजही संपलेली नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये चिनी विकिपीडियावर कारवाई झाली तेव्हा असा विरोध कमी झाला. सात सदस्यांना कायमचं बाहेर काढलं, बारा प्रचालकांचे अधिकार काढले, कारण तिथल्या इतर स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेलाच धोका होता.

भारतात हा प्रश्न कोर्टात पोहोचलाय. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर बदनामीचा दावा लावला आणि तिच्यावरच्या लेखातला मजकूर लिहिणाऱ्या संपादकांची ओळख उघड करायला सांगा, अशी मागणी केली. याच खटल्यावर विकिपीडियात एक लेख होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून हटवावा लागला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मला या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी वाटते ती संपादकांची. ज्याला या कामाचा एक रुपया मिळत नाही, ज्याच्यामागे कंपनीचा वकील नाही, असा माणूस एक संदर्भ जोडतो आणि त्याच्या दारात समन्स येऊ शकतं. चूक झाली असेल तर दुरुस्त व्हायलाच हवी, त्यासाठी चर्चापान आहे. पण टोपणनावामागचं खरं नाव काढून घेणं हे दुरुस्तीचं साधन होऊ शकत नाही.

कोणी पाहायलाच नसेल तर

वरच्या पदांना मजकुरावर अधिकार नाही, हे या रचनेचं बळ आहे. सरकार असो, कंपनी असो वा देणगीदार, वरून एक फोन करून लेख बदलता येत नाही. पण त्याची किंमतही आहे. तळाची माणसंच चुकीची निघाली, किंवा पुरेशी नसली, तर वरून कोणी लवकर धावून येत नाही.

क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट त्यासाठी माहीत हवी. साधारण २०११ पासून तिथे एकाच विचाराच्या प्रचालकांचा गट बसला. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीची भलामण होऊ लागली, यासेनोवाच इथल्या छळछावणीबद्दलचं लेखन सौम्य केलं गेलं. विरोध करणाऱ्यांना हेच प्रचालक रोखून टाकायचे. रोखलेला माणूस मत देऊ शकत नाही, मत देणारे कमी झाले की गटाला बहुमत मिळतं, बहुमत मिळालं की नवे प्रचालक त्यांच्याच विचाराचे. तीन बटणांपैकी फक्त एक, सदस्याला रोखण्याचं, एवढ्यावर सगळा ताबा टिकला. २०१३ मध्ये क्रोएशियाचे शिक्षणमंत्री झेल्को योवानोविच यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. जागतिक पातळीवर तक्रारही झाली. तरी स्टुअर्ड काही करू शकले नाहीत, कारण त्यांचं काम स्थानिक सहमती अंमलात आणण्याचं, आणि कागदावर तरी स्थानिक सहमती त्या गटाच्याच बाजूने होती. २०२० मध्ये त्या गटातल्या प्रमुखावर बंदी आली, बाकीच्यांचे अधिकार मतदानाने गेले. जून २०२१ मध्ये फाउंडेशनने करून घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तोवर जवळजवळ एक दशक गेलं होतं. एका पिढीने आपल्या देशाचा इतिहास त्या लेखांतून वाचला.

स्कॉट्स भाषेत वेगळंच घडलं. ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीला आलं की तिथले वीस हजारांहून अधिक लेख अमेरिकेतल्या एका तरुणाने लिहिलेत, आणि त्याला ती भाषा येत नाही. लहानपणी उत्साहाने सुरुवात केली होती, इंग्रजी वाक्यात शब्दकोशातले शब्द बसवत गेला, पुढे प्रचालकही झाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सात वर्षं त्याला कोणी 'हे आमच्या भाषेत असं बोलत नाहीत' असं ठामपणे सांगितलं नाही, कारण ती भाषा बोलणारी माणसं तिथे जवळपास नव्हतीच.

मराठीत एक लाखाच्या आसपास लेख आहेत, बोलणारे आठ कोटींवर. कौलात येणारे लोक मात्र फार थोडे. नवे सदस्य यावेत म्हणून कॉलेजांत, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने कार्यशाळा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण त्यांतही या पदांचा संबंध कसा येतो पाहा. कॉम्प्युटर लॅबमध्ये चाळीस विद्यार्थी बसलेत, सगळे एकाच वाय-फायवर. सहा जणांची खाती उघडतात आणि सातव्याला नकार येतो, कारण एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. ही मर्यादा बनावट खात्यांच्या विरोधातली आहे, तिला वर्ग आणि टोळी यातला फरक कळत नाही. मग आयोजकाकडे खाती उघडून देण्याचा अधिकार आधीच मागून ठेवलेला असला तर ठीक, नाहीतर पहिला अर्धा तास मुलांना मोबाइल डेटा चालू करायला सांगण्यात जातो. ज्या कार्यशाळांत प्रचालकांपैकी कोणाला आठवडाभर आधी सांगितलेलं असतं, तिथे पुढचाही त्रास वाचतो: दुपारी एकाच विषयावर चाळीस अर्धवट लेख आले तर ते सरळ वगळले जात नाहीत, 'काम चालू' अशा खुणेने थांबवून ठेवता येतात.

म्हणून लेखात चूक दिसली तर पहिली पायरी चर्चापान. तिथे नेमकं वाक्य, त्यात काय चुकलं आणि पुस्तकाचं नाव-पान एवढं लिहिलं तर उत्तर मिळण्याची शक्यता फार वाढते. उत्तर आलं नाही तर चावडी. कोणी नियम मोडत असेल तर प्रचालक. खासगी माहिती उघडी पडली असेल तर स्टुअर्डना ईमेल. प्रचालकाबद्दलच तक्रार असेल तर आधी चावडीवर मांडायची, स्टुअर्ड पहिलाच प्रश्न विचारतात की स्थानिक पातळीवर काय चर्चा झाली. आणि स्टुअर्ड कोण असावेत हे ठरवण्यात मराठी माणसालाही मत आहे: १ नोव्हेंबरपूर्वी ६०० संपादनं आणि १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी या काळात किमान ५० संपादनं झालेली असली की फेब्रुवारीतल्या निवडणुकीत मत देता येतं, मग ती संपादनं मराठी विकिपीडियावरच्या गावांच्या लेखांतली असली तरी चालतात.